बापूकाका आणि समोरची पार्टी

भांडण झालं की तुम्ही पहिल्यांदा काय करता? आवाज चढवता, वकील शोधता, की तोंड फिरवून घरात निघून जाता? आमच्या शेजारचे बापूकाका म्हात्रे चटई अंथरतात.

चटई साधीच. प्लॅस्टिकची, लाल-हिरवी, एका कडेला उसवलेली. त्यांच्या जुन्या फियाटच्या मागच्या सीटवर ती गुंडाळी करून कायम पडलेली असे. रोह्याला लागून असलेलं आमचं वरसे तेव्हा भराभर वाढत होतं, नव्या बिल्डिंगी उठत होत्या आणि पाणी मात्र जुन्याच नळाला येत होतं. त्यामुळे चटईला विश्रांती नव्हती. एकदा हंड्यावरून दोन बायकांची जुंपली. बापूकाका गाडीतून उतरले, रस्त्याच्या मधोमध चटई टाकली आणि म्हणाले, "बसा गो दोघी. मग भांडा."

त्या बसल्या. बसताना एकीच्या गुडघ्यातून कळ आली, तर दुसरीनं विचारलं, कुठलं तेल लावतेस. हंडा कुणाचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

"बसल्या माणसाला वरडता येत नाय," बापूकाका मला म्हणाले. "वरडायला उभं राहावं लागतं. बसल्याबिगर काय मिटत नाय."

कोलाडच्या नाक्यावर कोंबड्यांच्या पाटीवरून एका म्हाताऱ्याचं आणि एसटीच्या कंडक्टरचं वाजलं, तेव्हा त्यांनी दोघांना खाली उतरवून बसवलं होतं. अख्खी गाडी खोळंबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी तोही येऊन बसला. कंपनीत असताना एकदा संपात त्यांनी गेटवर चटई टाकली होती. माझे वडील युनियनचे, ते तिथं होते. ते सांगत, "मॅनेजर बसला नाही, आम्हीही बसलो नाही. कँटीनचं मांजर तेवढं बसलं."

मी त्या वेळी कॉलेजात होतो आणि पत्रकं लिहीत होतो. मला वाचता यायला लागलं तेच मुळी 'कामगार बंधूंनो' या शब्दांपासून. त्यामुळे बापूकाकांची चटई मला मुळीच पटत नसे. अन्याय करणारा आणि सोसणारा एकाच चटईवर कसे बसतील? बसले तर उठताना कोण कुठल्या बाजूला जाईल? मी हे त्यांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "बस, मग सांगतो." मी बसलो नाही.

आणि मग तो अपघात झाला.

बापूकाका एकटेच पेणहून रोह्याला येत होते. वडखळ नाक्यावर धरमतरकडून आलेला मिठाच्या गोण्यांचा टेम्पो त्यांच्या फियाटला येऊन भिडला. उजवा दरवाजा आत गेला, मडगार्ड चाकावर बसलं, आणि बापूकाकांचा उजवा हात गळ्यात आला. गाडी ओढून परत पेणला, रफिकभाईंच्या गॅरेजात नेली. टेम्पो निघून गेला होता.

सरळ प्रकरण होतं. गाडीचा विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता, पोलिसांचा पंचनामा झाला होता. क्लेम फॉर्म भरायचा, सर्व्हेयर येऊन गाडी बघणार, मग रफिकभाई ठोकठाक सुरू करणार. पण महिना उलटला तरी गाडी होती तशीच. वडील म्हणाले, "तू त्यांच्याबरोबर पेणला जा. हात बांधलेला आहे, लिहायला कुणीतरी पाहिजे."

मी खिशात दोन पेन घालून निघालो. पिळवणूक कुठं चालली आहे ते मला शोधायचं होतं.

गॅरेजात सर्व्हेयर आले होते. अलिबागहून स्कूटरवर, हेल्मेट काखेत, कपाळावर आठी. बापूकाकांनी फियाटशेजारी चटई अंथरली होती आणि पिशवीतून पेणचे पोह्याचे पापड काढले होते. भाजून आणलेले. साहेब बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगितलं की दरवाजा नवा मिळेल, मडगार्ड ठोकून घ्यावं लागेल, आणि रबराच्या सगळ्या वस्तूंवर घसारा कापला जाईल.

मी लगेच पुढे झालो. "घसारा कशाबद्दल? अपघात घसाऱ्यामुळे झाला का?"

"असू दे रे," बापूकाका म्हणाले. "जुनी गाडी हाय. घसारा माझा पण झालाय."

"मग फॉर्म पूर्ण करा आणि सही करा," साहेब म्हणाले. "उजवा हात दुखत असेल तर डावा अंगठा चालेल."

"हाताचं काय नाय हो. समोरची पार्टी येऊन बसल्याबिगर सही कशी करू?"

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. हे संभाषण त्यांच्यात आधीही झालं असावं.

"समोरच्या गाडीचा नंबर?"

"बघितला नाय."

"ड्रायव्हर बघितला?"

"बघितला की."

"ओळखता?"

बापूकाका पापडाचा तुकडा मोडत राहिले.

"काका, नाव सांगा. आम्ही नोटीस काढतो, पोलीस आणतील त्याला."

"तसा तो आणलेला होईल," बापूकाका म्हणाले. "आलेला नाय होणार."

"मग नका सांगू. इथं 'चालक अज्ञात' असं लिहा, खाली सही करा, विषय संपला. तुमच्या गाडीचा क्लेम त्याच्यावाचूनही पास होतो."

"अज्ञात नाय लिवणार."

रफिकभाई हातातला पाना पुसत बाजूला उभे होते. गणपती जवळ आले होते, मूर्ती पोचवणारे टेम्पोवाले दुरुस्तीसाठी रांग लावून होते, आणि फियाटनं अर्धं गॅरेज अडवलं होतं. ते म्हणाले, "काका, समोरची पार्टी म्हणून मी बसतो. आमच्या दोन पोरांना पण बसवतो. सही करा."

बापूकाकांनी त्यांना पापड दिला.

मला काहीच कळत नव्हतं. ड्रायव्हर बघितलाय, पण नाव सांगायचं नाही. नाव सांगायचं नाही, पण अज्ञातही लिहायचं नाही. आणलेला नको, पण आला पाहिजे. परतीच्या एसटीत मी यावर बराच विचार केला आणि नागोठणं येईपर्यंत मला उत्तर सापडलं. हा म्हातारा दबावाखाली होता. विमा कंपनी आणि टेम्पोमालक यांची मिलीभगत होती. घसारा हा त्याचा पुरावा होता.

दोन दिवसांत पत्रक तयार झालं. 'विमा कंपनीची मनमानी बंद करा. वृद्ध कामगार बापू म्हात्रे यांचा क्लेम कोणी अडवला?' रोह्याच्या एसटी स्टँडवर मी ते स्वतः वाटलं. लोकांनी घेतलं, वाचलं, काहींनी त्यात भजी गुंडाळली. संध्याकाळी एक प्रत घेऊन मी अभिमानानं बापूकाकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते सबंध वाचलं.

"चांगलं लिवतोस," ते म्हणाले. "पण ह्याच्यात कंपनीनं काय केलंय?"

"तुमचा क्लेम अडवलाय."

"तो मीच अडवलाय."

मी ती प्रत त्यांच्या हातातून परत घेतली.

पत्रक अलिबागला पोचायला वेळ लागला नाही. पुढच्याच आठवड्यात सर्व्हेयरसाहेबांची स्कूटर वरशाला आमच्या दारात उभी राहिली. त्यांच्या हातात घडी केलेलं पत्रक होतं. एवढ्या वर्षांत आपल्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, असं ते आमच्या फाटकातून मोठमोठ्यानं सांगू लागले. मीही फाटकाच्या आतून मोठमोठ्यानं उत्तर देऊ लागलो. तेवढ्यात शेजारच्या अंगणातून आवाज आला.

"दोघं या इकडं. बसा."

फियाट गॅरेजात असली तरी चटई घरी आली होती. साहेब आधी बसले. बहुतेक ते दमले होते. मग नाइलाजानं मी बसलो. चहा आला. बापूकाकांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, चहा तेच करत आणि साखर विसरत. आम्ही तिघं तो कडू चहा पीत राहिलो. भांडण कुठं गेलं ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी साहेबांनीच विचारलं, आणि अगदी हळू विचारलं. "काका, अज्ञात लिहायला काय हरकत आहे?"

"अज्ञात कसा लिवू?" बापूकाका म्हणाले. "त्याचं नाक माझ्या बापासारखं हाय."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"धाकटा भाऊ हाय माझा. नाव सांगितलं तर केस लागंल त्याच्यावर. अज्ञात लिवलं तर मीच सही करून सांगितलं ना, की ह्याला मी वळखत नाय. आता तुम्ही सांगा काय लिवायचं."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं.

मग बापूकाकांनी सांगितलं. त्यांचं मूळ घर धरमतरच्या खाडीकाठचं. शेतं समुद्राच्या पातळीखाली, मधे फक्त मातीचा बांध. उधाणाच्या भरतीनं त्या बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी आत घुसतं आणि शेत कित्येक वर्षं नासतं. म्हणून खांड पडल्याचा पुकारा झाला की घरटी जो पुरुष असेल तो चिखलात उतरतो. आजारी असो, भांडलेला असो, उतरतो. ते गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

"मी कंपनीत सेकंड शिफ्टला होतो. गेटवर निरोप आला, खांड गेली, बापू ये. मी गेलो नाय. सायबानं सोडलं नाय असं मी गावात सांगितलं. सायबाला मी विचारलंच नव्हतं. नवी नोकरी होती, भ्यालो. धाकटा एकटा उभा राहिला आमच्या वाट्याच्या जागेवर. एकट्यानं नाय थांबत पाणी."

"मग तुम्ही नंतर गेला नाहीत?" मी विचारलं. माझ्या आवाजात अजून थोडं पत्रक होतं.

"गेलतो. दार उघडलं नाय त्यानं. शेत गेलं तसा तो पण गाव सोडून गेला. कुठं ऱ्हातो ते गाववाल्यांना ठाव हाय, पण मला कोण सांगत नाय. त्यांचं बरोबर हाय."

वडखळ नाक्यावर टेम्पो भिडला, तेव्हा ड्रायव्हर उडी मारून खाली आला होता. फियाटच्या काचेतून आत वाकला आणि तसाच थिजला.

"मग बोलला, 'लागलं काय रे दादा?'" बापूकाका गळ्यातल्या हाताकडे बघत म्हणाले. "एवढ्या वर्षांत पहिला शब्द. हात तर जळत होता नुसता. पण मी बोललो, 'नाय, नाय लागलं.' तसा तो मागं सरला, टेम्पोत चढला नि गेला. मला वाटलं त्याला बरं वाटंल. 'व्हय' बोललो असतो, तर थांबला असता."

साहेबांनी खाली मान घालून कप उचलला. त्यात चहा उरला नव्हता. मी इतकी पत्रकं लिहिली होती, त्यांत प्रत्येक वेळी कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. त्या अंगणात मला ते माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही.

साहेबांनी फाइल जमेल तेवढी लांबवली. कधी फोटो नीट आले नाहीत म्हणाले, कधी स्वतःच आजारी पडले. पण मुदत ती मुदत. सहीवाचून क्लेम बंद झाला. रफिकभाईंनी मडगार्ड चाकावरून उचलून दिलं, गाडी चालेल एवढी केली, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी स्वतः चालवत वरशाला आणून सोडली. दरवाजा तसाच आत गेलेला आहे. बापूकाका डाव्या बाजूनं चढतात आणि सरकत सरकत स्टिअरिंगपाशी येतात. महिन्यातून एकदोनदा ते वडखळ नाक्यापर्यंत जातात, कडेला गाडी लावून धरमतरकडून येणारे टेम्पो बघत बसतात, आणि अंधार पडायच्या आत परततात. दोनदा मीही गेलो त्यांच्याबरोबर. मिठाचे टेम्पो पुष्कळ येतात.

मला पत्रकाखेरीज दुसरं काही लिहिता येत नाही, म्हणून याचाही शेवट पत्रकासारखाच करतो. वाचणाऱ्यांपैकी अनेकांचं त्या रस्त्यानं जाणं-येणं असेल. धरमतर, वडखळ, पेण, कुठंही मिठाच्या गोण्या वाहणारा निळा टेम्पो दिसला, पुढचं बंपर उजवीकडे वाकलेलं असलं आणि चालवणारा पन्नाशीचा, सरळ लांब नाकाचा असला, तर कृपा करून त्याला थांबवा. नंबर टिपू नका, नाव विचारू नका, पोलिसांचं तर नावही काढू नका. चहा घ्या त्याच्याबरोबर. आणि उठताना एवढंच सांगा, की दादाला लागलं होतं. हात अजून नीट उचलत नाही.