महादूमामांचा एक लिटर

आमच्या शेजारचे महादूमामा चहाला आले, की आधी खिशातून औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण काढतात. कपातला चहा त्या झाकणानं मोजून बशीत ओततात, साठ मिली झाला की थांबतात आणि उरलेला माझ्यापुढं सरकवतात. पहिल्यांदा माझी बायको चिडलीच. तिला वाटलं, चहा आवडला नाही.

"अंदाजपंचे नाय चालायचं, वहिनी," मामा म्हणाले. "घोटभर म्हणजे किती? मिलीत बोला."

मामा मूळचे फुलंब्रीकडचे. लहानपण मेंढरांमागं गेलं, नोकरी इथं कंपनीत झाली, आणि आता पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे. त्यांना घेऊन कुठं जायची सोय नाही. गारखेड्यात पाणीपुरीच्या गाड्यावर त्यांनी पुरीतलं पाणी झाकणात ओतून पाहिलं. गाडीवाला म्हणाला, "चाचा, खाना है के जाँच करना है?" एका लग्नात तर वाढप्याच्या हातातली पळी घेऊन तिचंच माप काढलं. मागचे लोक खोळंबले, मामा ढिम्म.

एकदा कलिंगडाची फोड हातात धरून मला म्हणाले, "ह्याच्यात पाणी किती धरायचं?"

मी वैतागून म्हणालो, "शंभर धरा."

त्यांनी फोड परत ताटात ठेवली. "मग संध्याकाळच्या चहाचं गणित बसत नाय." रिकामपणाचा उद्योग, दुसरं काय, असं मी धरून चाललो होतो.

या उन्हाळ्यात एका दुपारी नळ आले आणि सगळी गल्ली ड्रम भरायला धावली. मामाही पाईप धरून उभे होते. तिथंच त्यांना भोवळ आली. ड्रम काठोकाठ भरलेला आणि त्याला टेकून बसलेल्या मामांचे ओठ पार सुकलेले. मी रिक्षा बोलावली. मामी दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"भाऊ, किडनीमुळं मला दिवसाला एकच लिटर सांगितलंय," त्या म्हणाल्या. "चहा, वरण, समदं धरून. तवापासून हे बी तेवढंच पितेत. लई भांडले मी, ऐकतच नाय. म्हणतेत, तू एकटीनं तहान काढायची व्हय?"

मी मामांना धरून रिक्षात बसवलं आणि शेजारी बसलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामांना चांगलंच झापलं आणि सलाईन लावली. जरा तरतरी आल्यावर मामा मान वर करून बाटलीवरचे आकडे वाचायला लागले.

"किती हाय ही?" त्यांनी नर्सला विचारलं.

"पाचशे मिली, काका. ही संपली की अजून एक लावायचीये."

मामांचा चेहरा उतरला. ते पडणारे थेंब मोजायला लागले. मग मोकळ्या हातानं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले,

"घरी सांगू नका. तिला वाटंल, म्या एकटाच पिऊन आलो."