रिसिव्हर सापडत नाही

रज्जाकचाचांसमोर कुठलंही यंत्र ठेवा, ते आधी त्याचे पाय बघतात. पाय म्हणजे वायरीच्या टोकाच्या पिना. एका डोळ्यात घड्याळजीचं काळं भिंग खुपसायचं, वायरीचं तोंड उजेडाकडे धरायचं आणि आत बघत बसायचं. आपण मागून कितीही सांगा, की चाचा, वायर ठीक आहे, कॉम्प्युटरचाच काहीतरी घोळ आहे. ते ढिम्म.

"पहिले पाय देख," ते म्हणतात. "मोडेल शे का ते देख. डोकानं मंग देखसूत."

शहाद्याच्या स्टँडजवळ, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या सांदीत त्यांचं स्टूल आहे. तिथं बसून त्यांनी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मग मोबाइल आले आणि लोकांची मनगटं रिकामी झाली. चाचांनी रेडिओ हातात घेतले, तेही गेले. मग रिमोट, चार्जर आणि शेवटी कॉम्प्युटर. घरात ते हिंदी बोलतात, बाजारात अहिराणी, आणि ती माझ्यापेक्षा चांगली. मी कळसाडीचा, माझी आई आजही दुसरं काही बोलत नाही, पण डिप्लोमा केल्यापासून माझी जीभ सरकारी झाली आहे. त्यावरून चाचा मला 'इंजिनियरसाहेब' म्हणतात. यात मान अजिबात नाही.

चाचांचं कधीही चुकत नाही. एका गुरुजींचं घड्याळ त्यांनी दुरुस्त करून दिलं, ते रोज दहा मिनिटं पुढे जायला लागलं. गुरुजी तक्रार घेऊन आले. चाचांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घड्याय बराबर शे मास्तर. तुमनी शाया मांगे शे."

बिघाड झाला तर तो गिऱ्हाइकाचा, हवेचा, नाहीतर सुरतहून माल पाठवणाऱ्याचा. अशा माणसाशी कामापुरतं बोलावं, या मताचा मी होतो. पण काम पडायचंच, कारण आमच्या कार्यालयातला जीपीएस रिसिव्हर चाचांशिवाय कुणालाच दाद देत नसे.

आमची एक लहानशी संस्था आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसतात, ती त्यांच्या नावावर व्हावी म्हणून आम्ही त्यांचे दावे तयार करतो. दाव्याला नकाशा लागतो. शेतकऱ्यानं रिसिव्हर हातात घेऊन आपल्या शेताची हद्द चालायची, यंत्र ती वाट लक्षात ठेवतं, आणि मग कार्यालयात ते कॉम्प्युटरला जोडून आम्ही ती रेघ बाहेर काढतो. आजोबांपासून कसलेली जमीन लोकांना आधी एका यंत्राला पटवून द्यावी लागते. असो.

दित्या पावरानं थंडीत आपली हद्द चालली. होळीच्या आधी तो वारला. त्याची रेघ तेव्हा रिसिव्हरमध्येच होती, कारण आज काढू, उद्या काढू म्हणत मी ती काढलीच नव्हती. आता दावा त्याच्या बायकोच्या, सायकीबाईच्या नावानं जायचा होता आणि नकाशा सोमवारी द्यायचा होता. नकाशा नाही तर दावा नाही, आणि दावा नाही तर शेत नाही. मंगळवारी मी रिसिव्हर जोडला. पडद्यावर अक्षरं आली: रिसिव्हर सापडत नाही.

हातात धरलेली वस्तू सापडत नाही असं कुणी तोंडावर सांगितलं की काय होतं, ते सरकारी कार्यालयात गेलेल्या कुणालाही विचारा.

बुधवारी चाचा आले. पाय बघितले. मग विचारलं, "तेले आभाय दिखाडं का?"

मी म्हटलं, "चाचा, आभाळ उपग्रहांसाठी लागतं. कॉम्प्युटरशी बोलायला आभाळ कशाला?"

"तू उपाशी व्हस तवय नीट बोलस का? तेले आभाय देखू दे, मंग बोली."

रिसिव्हर अर्धा तास कुंपणाच्या भिंतीवर ठेवला गेला. कावळ्यानं नेऊ नये म्हणून चाचा उन्हात शेजारी उभे राहिले. मग त्यांनी खोडरबरानं पिना घासल्या. वायर जुनी, तिचं तोंड बसेल असं भोक आताच्या कॉम्प्युटरला नसतंच, म्हणून मध्ये एक जोडतुकडा लावावा लागतो. तो तुकडा प्रत्येक भोकात घातला की कॉम्प्युटर त्याला वेगळा नंबर देतो. चाचांनी चारही भोकांचे नंबर नेलपॉलिशनं कॉम्प्युटरच्या डब्यावर लिहिले आणि एकेक नंबर नकाशाच्या प्रोग्रॅमला सांगून बघितला. त्यात गुरुवार गेला. रिसिव्हर सापडला नाही.

"वायर बरी शे, कॉम्प्युटर बी बरा शे," संध्याकाळी ते म्हणाले. "रिसिव्हरना पोटमा काहीतरी सरकेल शे. सकाय जुम्मानी नमाज व्हयनी का येस, तेना पडदावरलं एक एक पान उघाडीसन देखसू. तवलोंग हात लावू नको."

शुक्रवारी सकाळच्या बैठकीत आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एक वायर जोडायला चार दिवस लागतात?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला चाचांचाच राग आला. भिंग काय, आभाळ काय, नेलपॉलिश काय. मी इंटरनेटवर शोधलं. कुणा शहाण्यानं लिहिलं होतं की दोन बटणं एकदम दाबून रिसिव्हर चालू करा, सगळं जागच्या जागी येतं.

मी दाबली. रिसिव्हर विझला, पुन्हा उजळला. वायर लावली आणि दोन सेकंदांत पडद्यावर आलं: रिसिव्हर सापडला. मी टाळी वाजवली, हे मला नीट आठवतं. मग मी आत बघितलं. आत काहीच नव्हतं. यंत्र नव्यासारखं कोरं झालं होतं. दित्याची रेघ गेली होती.

दुपारी चाचा आले. मी सांगितलं. माझी सालटी निघणार याची मला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

ते खुर्चीवर बसले. "दोन्ही बटनं तूच दाबं?"

"हो."

"कोनले सांगं का?"

"नाही."

"मंग सांगू नको. दोन जोड सेल दे."

रिसिव्हर रुमालात गुंडाळून ते निघून गेले. मी साहेबांना सांगितलं की चाचा अजून दुरुस्ती करताहेत. शनिवार-रविवार मी घरी पोट दुखतंय असं सांगून पडून राहिलो.

सोमवारी सकाळी मी कार्यालयात शिरलो तर चाचा माझ्या खुर्चीत बसलेले. उजवा पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेला. तो गुडघा वाकत नाही, हे स्टँडवर सगळ्यांना माहीत आहे. घराचा जिनासुद्धा ते आडवे होऊन उतरतात.

"काढ रेघ," ते म्हणाले.

मी वायर लावली. पडद्यावर शेत उमटलं. दर वीस-पंचवीस पावलांवर ठिपक्यांचा गुंता झाला होता. माणूस एका जागी उभा राहिला की असे ठिपके साचतात. चढाच्या बाजूला तर गुंत्याशेजारी गुंता. एका कोपऱ्यात रेघ पुढे जाऊन तशीच मागे आली होती आणि दुसरीकडून पुन्हा गेली होती.

"चाचा, तुम्ही वर पाड्यावर गेला होतात?"

"मंग काय यंत्र एकटं गयं? ती बाई पुढे दखाडत गई, मी मांगे. एक कोपरा तिले आठवेना, तो दोनदाव चालना पडना." मग म्हणाले, "भलताच चढ शे तठे."

मी गुंते पुसून रेघ सरळ केली, कारण नकाशात ते चालत नाहीत. नकाशा गेला. फाइल वर गेली. वर म्हणजे नेमकी कुठं, हे मला विचारू नका, मलाही कुणी सांगत नाही.

महिन्याभरानं सायकीबाई स्वतः खाली आली, फाइलीचं काय झालं विचारायला. बाजारात शिकलेल्या मराठीत ती शब्द शोधत बोलते. मी चहा मागवला. तिनं कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"तो दाढीवाला म्हातारा येतो इथं?"

"येतात कधी कधी."

"तो आला होता वर. बोलला, बाई, तुझ्या माणसाचं चालणं माझ्या हातून पुसलं. मी रडली. खूप बोलली त्याला. तो उभाच. बोलला, तुझी जीभ थकली की आपण परत चालू." ती कपात बघत राहिली. "दिवसभर चालला माझ्या मागं. एवढं ऊन. मी पाणी नाही विचारलं त्याला. त्यानं पण नाही मागितलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं, इतकं मला कळत होतं. ती समोर बसली होती, मध्ये फक्त टेबल होतं. मी म्हणालो, फाइल आली की निरोप पाठवतो. ती उठून गेली.

मी तडक स्टँडवर गेलो. चाचा कुणाच्या तरी चार्जरचे पाय बघत होते. मी ओरडलोच त्यांच्यावर. "तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? मी केलं होतं ते!"

त्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं नाही.

"तुले त्या लोकेसमा आखो वीस-पंचवीस वरीस काम करनं शे," ते म्हणाले. "त्या तुन्हा दारशी येतीन, तुन्हावर भरोसा ठेवतीन. तो मोडाले नको." चार्जर त्यांनी उलटा केला. "मन्ह काय? पोरे सुरतले. तेस्नी माय गई. मन्हा दारशी कोन येस? एक बाई मले वाईट समजनी, ते समजू दे."

मी झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळानं चाचांनी स्टुलाखालची पाण्याची बाटली काढून माझ्याकडे सरकवली, आणि मला लाज वाटली. आजपर्यंत इतकी लाज मला कशाचीच वाटली नव्हती.

याला आता पाच महिने झाले. सायकीबाईला खरं सांगायला मी अजून गेलेलो नाही. तिच्या पाड्याची जीप रोज सकाळी नऊला स्टँडवरून सुटते.