चपलांवरून भांडणारे घाडगे

वाशीच्या आमच्या बिल्डिंगमधले घाडगे रोज संध्याकाळी तीन भांडणं करून मगच घरी पोहोचत. लिफ्ट नव्हती, घर चौथ्यावर. पहिल्यावर दुधाच्या बाटल्या, दुसऱ्यावर माझ्या चपला, तिसऱ्यावर कठड्यावर वाळत घातलेलं धुणं.

"काय हो मास्तर, जिना काय तुमच्या बापाचा हाय?"

एवढं एक वाक्य टाकायचं, कठडा धरायचा आणि गप्प. मी तावातावानं बोलू लागलो की मान हलवत म्हणत, "बोला, बोला. तुमचं होऊ द्या." भांडण उकरून काढून समोरच्यालाच बोलू देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझं संपलं की, "उद्या बघतो तुमच्याकडं!" आणि स्वारी वर.

अजूनही जुने शेजारी भेटले की 'भांडकुदळ घाडगे' म्हणून हसतात. मला ते आता ऐकवत नाही, म्हणून हे लिहितोय.

गडी पहाडासारखा. तुर्भ्याच्या कारखान्यात पावडरच्या गोण्या उचलता उचलता मुकादम झालेला. कुणी हातातली पिशवी धरायला गेलं तर गरजायचा, "आमी काय बाळंत झालोय काय?" आणि अख्खा जिना हसायचा.

एकदा मी शाळेतून डोकं उठवून घेऊन आलो होतो. घाडग्यांनी चपलांचा विषय काढला. मी एक अक्षर न बोलता त्या उचलून आत ठेवल्या.

"आणि ही छत्री?"

छत्रीही आत घेतली. आता त्यांना थांबायला कारणच उरलं नाही. ते निघाले, आणि मधल्याच पायऱ्यांवर मटकन बसले. ओठ निळे, छातीत शिट्टी.

"घाडगे, दमा आहे तुम्हाला?"

"पाय... घसरला."

नंतर घाडगेवहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला होता. तो कपाटात, ठेवणीतल्या कपड्यांखाली. "ह्यांचं म्हननं, पंप चोखनाऱ्याला मुकादम कोन म्हनंल?"

संताप येतो तो याचा. आमच्या जिन्यात बाप काढणारा पुरुष चालत होता. उलट त्यात रुबाब होता. धाप लागलेला तेवढा चालत नव्हता. आणि हा कायदा काही एकट्या घाडग्यांनी केला नव्हता. त्या बाळंतपणाच्या विनोदाला टाळ्या देणारे आम्ही सगळे होतो. मी तर मुलांना शिकवणारा!

दुसऱ्या दिवशी मी दाराबाहेर स्टूल ठेवायला हवं होतं. मी चपला ठेवल्या. मुद्दाम आडव्या, जोडीला एक फुटकी कुंडी.

"काय हो मास्तर!" घाडगे खूश होऊन ओरडले. मी त्यांच्या छातीतली शिट्टी थांबेपर्यंत भांडलो. मग रोजच. विषय संपले तेव्हा जुनीच भांडणं नव्यानं काढली.

एका हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावरची मंडळी गावाला गेली. कठड्यावर धुणं नव्हतं, दाराला कुलूप. भांडायला कुणीच नाही. घाडगे तिथे थांबले नाहीत. चौथा मजला काही त्यांना गाठता आला नाही.

तेराव्यानंतर वहिनी आमच्या दाराशी आल्या. चपला अजून आडव्याच होत्या. त्यांनी हात जोडले.

"तुमचं लई कवतिक करायचे, भाऊजी. म्हनायचे, मास्तरला समदं ठावं हाय, पन मानूस लाखाचा. एकदाबी मला 'बसा' म्हनला न्हाई."