चवळीखाऊचे शिफारसपत्र

मंगळवारी सकाळी शिष्यवृत्ती कार्यालयाच्या सचिव मिसेस डोरीन फिस्टर यांनी एक शिफारसपत्र वाचले, चष्मा पुसला आणि तेच पत्र पुन्हा एकवार वाचले. परदेशात दोन वर्षे सेवा करून परतलेल्या स्वयंसेवकांना उच्च शिक्षणासाठी ही शिष्यवृत्ती देण्यात येत असे, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत सहस्रावधी शिफारसपत्रे त्यांच्या हातांखालून गेली होती. असे पत्र मात्र प्रथमच आले होते. त्यांनी उमेदवारास तत्काळ बोलावून घेतले.

उमेदवार वेंडेल लिंडक्विस्ट हा माली देशातील एका खेड्याच्या दवाखान्यात सेवा करून अकरा महिन्यांपूर्वी इलिनॉयला परतला होता. तूर्तास तो काकांच्या दुकानात खिळे आणि नळाच्या तोट्या विकत असे. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून पुन्हा तशाच कामास लागावे, ही त्याची एकमेव आकांक्षा होती. परंतु या शिष्यवृत्तीवाचून ती सिद्धीस जाण्याचा अन्य मार्ग नव्हता. समितीची बैठक शुक्रवारी होती आणि जागा एकच उरली होती.

"तुझ्या तिथल्या साहेबांचं पत्र आलंय," मिसेस फिस्टर म्हणाल्या. "भाषांतर करून घेतलंय. ऐक. 'हा मनुष्य चवळीखाऊ आहे. दोन वर्षांत त्याने गावातली सगळी चवळी फस्त केली. त्याचे कूळच चोरांचे. त्याला घेणारच असाल, तर कोठाराला कुलूप लावा.' खाली सही, बकारी त्राओरे."

वेंडेल खदखदून हसला आणि हसता हसताच त्याचे नेत्र पाणावले. दवाखान्यासमोरील आंब्याची सावली, एकाच परातीत बुडणारे सात हात आणि आपल्यासमोर मुद्दाम चवळी लोटणारा बकारी, हे सारे त्याच्या दृष्टीपुढे उभे राहिले.

"हसतोस काय? चोर म्हणतायत तुला!"

"मॅडम, तो लाडानं म्हणतोय. गावानं माझं नाव झुमाना कुलिबाली ठेवलं होतं. कुलिबाली आणि त्राओरे या कुळांचं थट्टेचं नातं असतं. एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचंच, अशी रीत आहे."

"रीत असेल त्यांच्याकडे. समितीला कोण समजावणार? शुक्रवारच्या आत सरळ पत्र आण."

वेंडेलने त्वरित दूरध्वनी केला.

"काय रे चवळीखाऊ, जेवलास का?" बकारीचा आवाज खणखणला.

"बकारी, गोंधळ झालाय. इथल्या लोकांना तुझं पत्र पटत नाहीये. माझ्याबद्दल जरा चांगलं लिही ना."

"चांगलं? चांगलं तर परक्या माणसाबद्दल लिहितात. तू परका आहेस होय?"

"तसं नाही रे, पण..."

"कळलं मला. एकट्या माणसाच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. थांब, बघतोच!" असे म्हणून बकारीने दूरध्वनी ठेवला. वेंडेलने पुनःपुन्हा प्रयत्न केला. परंतु बकारी सायकल घेऊन गावात हिंडत असल्याने तो सापडला नाही.

गुरुवारी मिसेस फिस्टर कार्यालयात आल्या, तेव्हा फॅक्सचे यंत्र कागद ओकत होते. अकरा शिफारसपत्रे आली होती, आणि बाराव्याच्या मध्यावर कागद संपला होता. संतापाच्या भरात त्यांनी भाषांतरकारास पाचारण केले आणि समोर बसवून एकेक पत्र वाचून घेतले.

गावच्या सुईणीने लिहिले होते, 'हा अत्यंत निर्लज्ज. माझ्या सुनेच्या बाळंतपणात तीन दिवस दाराशी बसला. हाकलला तरी गेला नाही. शेवटी यालाच गाडी आणायला पिटाळावे लागले.' विहीर खणणाऱ्याने लिहिले होते, 'याला कुदळ धरता येत नाही. हातांना फोड आले तरी रोज येऊन आमचे काम बिघडवत असे.' सरपंचांनी तक्रार केली होती की, हा गेल्यापासून गावात शिव्या देण्याजोगा एकही मनुष्य उरलेला नाही, ही याने केलेली सर्वांत मोठी चोरी होय.

मिसेस फिस्टर यांनी भाषांतरकाराला ते पत्र पुन्हा वाचावयास सांगितले.

शुक्रवारी समितीपुढे दोन अर्ज उरले. "हा दुसरा उमेदवार निर्दोष दिसतो," अध्यक्ष हॅल्वर्सन म्हणाले. "कष्टाळू, वक्तशीर, विनम्र. तिन्ही पत्रांत तेच."

बैठकीत केवळ टिपणे घेणाऱ्या मिसेस फिस्टर यांनी एकतीस वर्षांत प्रथमच तोंड उघडले. "तेच तर, साहेब! दोन वर्षांत या पोराला कुणी घरी जेवायलासुद्धा बोलावलेलं दिसत नाही." आणि त्यांनी अकरा पत्रांचा गठ्ठा अध्यक्षांपुढे सरकवला.

सायंकाळी वेंडेलने बकारीला शुभवार्ता कळविली. शिव्यांचा वर्षाव होईल, म्हणून त्याने दूरध्वनी कानापासून अंमळ दूरच धरला होता. परंतु आला तो बकारीचा कापरा, हळुवार स्वर.

"तू फार चांगला माणूस आहेस, वेंडेल."



"बकारी," तो भयभीत होऊन म्हणाला, "माझं काही चुकलं का रे?"