दुधात कोण काय घालतं?

कोचकोरच्या बाजारात एकतीस वर्षं दूध तपासलेल्या माणसाला बाटली भरायला शिकवणं म्हणजे घोड्याला गवत दाखवून ‘हे खातात बरं’ असं सांगणं, हे एसेनकुलने सुनेला एकदा नव्हे, तीनदा ऐकवलं. सून मीरगुल दोन आठवड्यांसाठी बिश्केकला निघाली होती, नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला. चार महिन्यांचा कुबात आजी-आजोबांकडे राहणार होता. सोबत पावडरच्या दुधाचे तीन डबे, आणि डब्यावरच्या सूचना तिने मोठ्या अक्षरांत काढून दिलेला कागद.

“आबा, पावडर मापाने घाला. पाणी उकळून कोमट केलेलं. आणि बाटली नीट हलवून घ्या.”

“हलवायचं मला सांगतेस?” एसेनकुल म्हणाला.

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. त्याच्या घरचं कुमिस पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. घोडीचं दूध आंबवायला कातडी पिशवीत घालून पिशवी दाराशी टांगायची आणि रवीने घुसळायची, दिवसाला हजार टोले. येणाऱ्या-जाणाऱ्यानेही जाता जाता रवीला हात लावायचा. जो लावत नाही तो एकतर आजारी, नाहीतर रागावलेला. या देशाच्या राजधानीचं, बिश्केकचं, नावसुद्धा त्या रवीवरूनच पडलं असं लोक म्हणतात. हलवण्याच्या बाबतीत आणखी पुरावा तो काय द्यायचा?

खरी अडचण पावडरची नव्हती, विहिणीची होती. मीरगुलची आई कानिशाय तालासला राहायची. लेक परीक्षेला जाणार म्हटल्यावर नातू आपल्याकडे येणार हे तिने गृहीतच धरलं होतं. तसं झालं नाही, तेव्हा तिने फोनवर शांतपणे सांगितलं, “व्याहीबुवा, शुक्रवारी येते मी. पोर हसत असलं तर चहा पिऊन जाईन. रडत असलं तर पोर घेऊन जाईन.”

“हसेलच,” एसेनकुल म्हणाला.

निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्याने खिडकीत बसून काढली होती. त्याचं बोलणं आता घरात कुणी पुरतं ऐकून घेत नसे. कुबात घ्यायचा. आजोबांनी भेसळीच्या गोष्टी सांगाव्यात आणि त्याने मुठी आवळून, डोळे विस्फारून त्या ऐकाव्यात. असा श्रोता तालासला पाठवायचा म्हणजे पुन्हा ती खिडकीच.

सोमवारी दुपारी श्रोता रडायला लागला.

साधंसुधं रडणं नव्हे. गुडघे पोटाशी घेऊन, बिटासारखा लाल होऊन, मधेच थांबून आजोबांकडे असं पाहायचा की जणू विचारतोय, ‘हे तुम्ही केलंत ना?’ आणि पुन्हा सुरू. पाळण्यात घाला, रडतोय. खांद्यावर घ्या, रडतोय. पोट नगाऱ्यासारखं टम्म.

“नजर लागली,” बुरुल म्हणाली. बुरुल म्हणजे एसेनकुलची बायको. तिचं निदान ठरलेलं असे. गुडघे दुखले तरी नजर आणि टीव्ही बिघडला तरी नजर. तिने जुनिपर झुडपाची डहाळी पेटवून बाळाभोवती धूर फिरवला. बाळ रडतच राहिलं आणि एसेनकुल खोकायला लागला.

“नजर नाही. दूध,” तो खोकत म्हणाला. “मला तो डबा पहिल्यापासून पटलेला नाही. डब्यावरचं बाळ बघ. इतकं गुबगुबीत बाळ या दुधावर वाढलं असेल तर मी मिशी काढीन.”

त्याने कपाटातून जुनी पेटी काढली. लॅक्टोमीटर, काचेची नळी, आयोडीनची बाटली. तीनही डब्यांतलं थोडं थोडं दूध बनवलं, नळीत ओतलं, चष्मा चढवला. दूध निर्दोष. आयोडीनचा थेंब टाकला. निळं झालं असतं तर पीठ मिसळलंय असं धरता आलं असतं. निळं झालं नाही. शेवटी त्याने एक घोट घेतला.

“चार महिन्यांच्या पोराच्या तोंडचं काढून पिताय,” बुरुल म्हणाली.

“तपासतोय.”

“तिसऱ्यांदा तपासताय, म्हातारबा. ओठावर साय दिसतेय.”

डबा निर्दोष ठरला याचं एसेनकुलला दुःखच झालं. कारण डबा निर्दोष असेल तर गुन्हेगार माणूस होता. डब्यातलं दूध चांगलं आणि पोटातलं वाईट, म्हणजे मधल्या प्रवासात कुणीतरी हात मारत होतं. बाजारात एकतीस वर्षं हेच तर पाहिलं होतं! गायीच्या आचळातून चोख निघालेलं दूध बाजारात येईपर्यंत निम्मं नदीचं होऊन जातं.

मधला प्रवास लहान होता. एसेनकुल बाटली भरायचा, सुनेच्या कागदाबरहुकूम ‘नीट’ हलवायचा, नीट म्हणजे त्याच्या हिशेबाने दीडशे टोले, आणि फेस गळ्यापर्यंत आला की समाधानाने थांबायचा. फेस आला म्हणजे दूध जिवंत झालं, हे त्याला आजोबांनी शिकवलं होतं. मग बाटली निवायला म्हणून लोकरीच्या नमद्याच्या ओल्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीवर टांगायची. कुमिसची पिशवी होती तिच्या अगदी शेजारी. तिथे वारं चांगलं येई. बाळ जागं होईपर्यंत बाटली तिथेच.

“म्हणजे जे काय होतंय ते खुंटीवर होतंय,” तो म्हणाला, आणि बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?”

“तू त्यात मेंढीच्या शेपटीची चरबी घालतेस का? खरं सांग.”

“चरबी चोखायला देतात, बाटलीत घालत नाहीत. आणि तुमच्या लेकाला दिली होती, त्याचं काय वाईट झालं?”

“तो विमा विकतो.”

बुरुलने यावर बोलणं बंद केलं, आणि एसेनकुलने ते कबुलीच्या जवळपासचं मानून आपल्या तपासणीच्या जुन्या वहीत नोंदवलं.

बुधवारी त्याने पाळत ठेवली. दाराच्या समोर गालिच्यांची गुंडाळी उभी होती तिच्यामागे स्टूल घेतलं आणि वही मांडीवर ठेवली. पहिली आली ती शेजारीण जिपार, मीठ मागायला. आत डोकावून म्हणाली, “बुरुलताई, पोर अजून रडतंय का हो?” बोलता बोलता तिचा हात खुंटीकडे गेला. एसेनकुलने पेन्सिल उचलली. जिपारने बाटली काढली, खळाखळा हलवली, परत टांगली आणि मीठ घेऊन गेली.

एसेनकुलने लिहिलं, ‘जिपार. बाटली हलवली. झाकण उघडलं नाही. निर्दोष.’

मग कुरणावरून घोडीचं दूध घेऊन येणारा तोक्तोर आला. दुधाचा कॅन ठेवला आणि सवयीने कुमिसच्या रवीकडे हात नेला. रवी जड होती. बाटली हलकी होती. तोक्तोरने बाटली हलवली, शंभर एक वेळा, गुणगुणत, आणि कपाळावरचा घाम पुसून मोठं काम केल्यासारखा निघून गेला. ‘तोक्तोर. हलवली. झाकण बंद. निर्दोष.’

बुरुल तर दर अर्ध्या तासाने खुंटीवरून जात होती आणि दर खेपेला हलवत होती. त्यातही झाकण उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत वहीचं पान भरलं, आणि पानावर अख्खं गाव निर्दोष होतं. एवढा प्रामाणिकपणा एसेनकुलने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याचा संशय अधिकच बळावला.

गुरुवारी त्याने सुनेला फोनवर तपासाची बातमी दिली आणि मग एकेकाला बोलावून विचारलं.

“जिपार, बाटलीत काय घातलंस?”

“मी? काय घालू, दादा? मीठ तर तुमच्याच घरून नेते.”

“तोक्तोर, तू?”

“आम्ही बाटलीतून काढतो, घालत नाही,” तोक्तोर म्हणाला, पण तो दुसऱ्या बाटलीबद्दल बोलत होता.

शुक्रवारी अकरा वाजता कानिशाय आली. डोक्याला पांढरा रुमाल, हातात राजम्याची पिशवी, कारण तालासचा माणूस राजमा घेतल्याशिवाय कुठेही जात नाही. दारातच तिने कान दिला. आत कुबात जिवाच्या आकांताने रडत होता.

“हसतोय का हा?” तिने विचारलं.

“मोठ्याने,” एसेनकुल म्हणाला.

कानिशायने पायातले जोडे काढले. ती आत येऊन मानाच्या जागी बसली. आता वाचवायला कुमिसच होतं. एसेनकुलने पिशवीतून वाडगा भरून दोन्ही हातांनी पुढे केला. या कुमिसपुढे भल्याभल्यांचे राग उतरलेले त्याने पाहिले होते. कानिशायने घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि वाडगा खाली ठेवला.

“व्याहीबुवा, हे घुसळलं कधी?”

“रोजच घुसळतात. येणारा-जाणारा प्रत्येकजण.”

“हे सोमवारपासून कुणी घुसळलेलं नाही. तळ्याचं पाणी झालंय.”

एसेनकुलने वाडग्यात वाकून पाहिलं. त्याच्या घराण्यात असं वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात बुरुल खुंटीवरची बाटली घेऊन आली, सवयीप्रमाणे हलवत. कानिशायने हात पुढे केला. “आण इकडे.” तिने बाटली उजेडात धरली. वर चार बोटं फेस होता, आणि खाली दूध नावाला. तिने फेसाकडे पाहिलं, मग वाडग्याकडे पाहिलं. मग पुन्हा फेसाकडे.

“तुमचं कुमिस या बाटलीत आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे अख्ख्या कोचकोरने हिला घुसळलंय. पोर दूध पीत नाहीये, हवा पितंय. चार बोटं हवा, पाच दिवस, दिवसातून सहा वेळा. व्याहीबुवा, एवढी हवा घातली तर फुटबॉलसुद्धा रडेल.”

एसेनकुलने हळूच वही बंद केली, पण कानिशायने ती ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली. “‘जिपार, हलवली, निर्दोष. तोक्तोर, हलवली, निर्दोष. बुरुल, हलवली.’ बुरुल नऊ वेळा निर्दोष आहे.”

“अशी पोटाची गडबड तालासच्या माणसाला लगेच कळते,” बुरुल राजम्याच्या पिशवीकडे बघत म्हणाली.

कानिशायने पिशवी मागे सरकवली. तिने नवं दूध बनवायला लावलं, हलवू न देता चमच्याने सावकाश फिरवलं, थोडं निवू दिलं, बाळाला सरळ धरून पाजलं आणि खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटलं. कुबातने अशी ढेकर दिली की दाराशी झोपलेला कुत्रा उठून बाहेर गेला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं, आजोबांना ओळखलं आणि हसला. त्याच्या सोमवारपासूनच्या सगळ्या तक्रारी त्या एका ढेकरेत निकालात निघाल्या होत्या.

“छान,” कानिशाय म्हणाली. “आता त्याचे कपडे भरा.”

“पण तो हसतोय,” एसेनकुल म्हणाला.

“माझ्यामुळे हसतोय. मी गेले की पुन्हा घुसळाल. या घरातल्या माणसांचा हात त्यांच्या ताब्यात नाही.”

बुरुल दुपटी घडी करायला लागली, एकेका घडीला बराच वेळ लावत. एसेनकुल पाळण्याशी बसला. त्याने बाळाचं बोट धरलं, म्हणजे बाळाने त्याचं धरलं, आणि एखादी भेसळीची गोष्ट सांगावी म्हणून आठवायला गेला. एकही आठवेना.

वाटेसाठी भरलेली नवी बाटली नमद्याच्या पिशवीत खुंटीवर होती. कानिशाय गाडी आली का बघायला दाराशी गेली. बाहेर डोकावली. गाडी नव्हती. परत वळताना तिचा हात खुंटीकडे गेला, बाटली काढली आणि खळ, खळ, खळ.

तिसऱ्या खळला तिच्या लक्षात आलं. हात जागच्या जागी थांबला. तिने सावकाश मान वळवली. एसेनकुल बघत होता. एकतीस वर्षं दूधवाल्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने.

“तीनदाच,” कानिशाय म्हणाली.

“सुरुवातीला सगळे हेच म्हणतात,” एसेनकुल म्हणाला आणि वही उघडली. “झाकण उघडलं का, विहीणबाई?”

“नाही.”

“मग निर्दोष.” त्याने पेन्सिल जिभेला लावली. “नाव पूर्ण सांगा.”

कानिशायने त्याच्याकडे पाहिलं, बुरुलकडे पाहिलं, बुरुलच्या हातातल्या अर्धवट घडीकडे पाहिलं. मग बाटली बुरुलकडे दिली. “ही वर कपाटावर ठेव. माझाही हात पोचणार नाही अशी. पोर राहू दे इथेच. मी आठवडाभर थांबते, तुमच्यावर लक्ष ठेवायला.”

“आणि तुमच्यावर?” एसेनकुलने विचारलं.

“तुम्ही कुमिस घुसळा. तोंडात ठेववत नाही ते.”

तो निमूटपणे रवीला लागला. सातशेव्या टोल्याच्या सुमारास फोन वाजला. मीरगुल होती.

“आबा, कुबात कसाय? दुधात कोण काय घालत होतं ते सापडलं का?”

“सापडलं. रंगेहाथ धरलं.”

“कुणाला?”

एसेनकुलने मागे वळून पाहिलं. विहीणबाई नातवाला खांद्यावर घेऊन तालात थोपटत होत्या आणि नातू झोपला होता.

“तालासकडची टोळी होती,” तो म्हणाला. “तू अभ्यास कर.”