कोनशिलांची शाळा

एका जंगलात एक सरकारी शाळा होती. होती म्हणजे काय, बाळांनो, पाठीमागची एक भिंत होती आणि काटेबाई होत्या. बाकीचं केव्हाच पडून गेलं होतं.

काटेबाई म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, पण जीव मऊ. एखाद्या पिल्लाकडे लिहायला काही नसलं की बाई स्वतःचाच काटा उपटून द्यायच्या. "घे, आणि हरवलास तर बघ!" असं दटावायच्या. बिचारीच्या अंगावर आता निम्मेच काटे उरले होते.

एके दिवशी तपासणीला करकोचेसाहेब आले. एका पायावर उभं राहून त्यांनी शाळा पाहिली.

"बाई, पावसाळ्याआधी चार भिंती आणि छप्पर दिसलं नाही, तर शाळा बंद. पोरं नदीपलीकडच्या शाळेत जातील."

"अहो साहेब, नदीत मगर आहे!"

"असेल. तो विषय पाणी खात्याचा."

मगरीला ही योजना फार आवडली होती, हे सांगायला नकोच. बाईंनी मात्र वर्गाकडे वळून पाहिलं. समोर सशांची, भेकरांची इवली इवली पिल्लं पाढे म्हणत होती. त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात जंगलाच्या विधानसभेची निवडणूक लागली. उभे कोण? एकीकडे दादासाहेब बिबटे, दुसरीकडे तरसे अण्णा. दोघांनाही एकाएकी शाळेचा उमाळा आला. दोघांची पोरं शहरात सर्कशीच्या शाळेत होती, तिथं इंग्रजीत उड्या मारायला शिकवतात म्हणे. असो. आपण मोठ्या लोकांच्या घरात डोकावू नये.

आधी बिबटे आले. नारळ फोडला, भाषण ठोकलं आणि नवीन शाळेची कोनशिला ठेवली. चांगली जाडजूड फरशी, त्यावर दादासाहेबांचं नाव. मग फटाके वाजले आणि सगळे निघून गेले. दगड तिथंच राहिला.

बाई त्या दगडाकडे बराच वेळ बघत बसल्या. दर निवडणुकीला असा एक दगड यायचा आणि बाई त्यावर पोरांच्या चिंचा वाळवायच्या. आज मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तडक त्या तरसे अण्णांकडे गेल्या.

"अण्णा, बिबटेदादांचा दगड पाहिलात? केवढं मोठं नाव! सगळं जंगल बघून जातंय हो."

"असं? मग माझा दुप्पट मोठा!"

आला की दुप्पट मोठा! मग बाई बिबट्यांकडे गेल्या. बिबट्यांनी प्रत्येक वर्गाला वेगळी कोनशिला दिली. तरशांनी मुतारीचं भूमिपूजन केलं. बिबट्यांनी पाण्याच्या टाकीचं केलं. तरशांनी टाकीच्या तोटीचंसुद्धा केलं, आता बोला!

बाईंचं मागणं एवढंच असे, "आडवा नको हो, उभा लावा. इथं, त्या दगडाला चिकटून. मतदारांच्या डोळ्यांत भरतो."

बघता बघता तीन भिंती उभ्या राहिल्या. चौथी होतीच.

राहिलं छप्पर. बाई म्हणाल्या, "दादा, तुमचे फ्लेक्स सगळे झाडांना. घारी, बगळे, पोपट वरून उडतात, त्यांना काय दिसणार? ती काय मतं नाहीत?"

बिबट्यांनी कपाळावर पंजा मारला. दुसऱ्या दिवशी भिंतींवर आडवा, आभाळाकडे तोंड केलेला भलाथोरला बिबट्या हसत होता. संध्याकाळपर्यंत शेजारी तरससुद्धा हसू लागला. मध्ये फटसुद्धा उरली नाही.

बिबटे निवडून आले. करकोचेसाहेबही आले. चार भिंती मोजल्या, छप्पर पाहिलं आणि शाळा सुस्थितीत असल्याचा शेरा मारून उडून गेले. शाळा वाचली! त्या दिवशी बाई वर्गात खुर्चीवर बसून हमसून हमसून रडल्या. पिल्लांना वाटलं, बाईंना काटा टोचला.

विधानसभेत दादासाहेब म्हणाले, "आमच्या शाळा सुस्थितीत आहेत, तेव्हा शाळांना निधी नको." तो निधी मग आमदारांच्या गुहांना रंग द्यायला गेला.

इकडे पिल्लं भिंतीवरूनच वाचायला शिकली. सगळ्यांना पहिला शब्द आला तो 'शुभहस्ते'. पावसाळ्यात फ्लेक्सवरच्या बिबट्याच्या डोळ्याला भोक पडलं आणि तिथून वर्गात टपटप पाणी गळू लागलं. शाळेसाठी दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेवढंच.

एक भेकराची पोर म्हणाली, "बाई, दादांनी कबूल केलेली खरी शाळा कधी हो बांधणार?"

"शुभ बोल गं नारी!" बाई दचकून म्हणाल्या. "ती बांधली तर पुढच्या खेपेला भूमिपूजन कशाचं करतील? आणि आपल्या मुतारीला अजून एक भिंत कमी आहे."

तात्पर्य : पुढाऱ्यांच्या आश्वासनांवर काही उभं राहत नाही, असं म्हणणारे आळशी असतात. आश्वासनं भरपूर गोळा करावीत आणि ती उभी लावून घ्यावीत. फक्त ती पाळली जाणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी.