काळदैत्य आणि कंपनी

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. वेल्ह्याच्या बाजारात दगडूकाका पेंटरांनी बत्तीस पानांची हाताने रंगवलेली चित्रकथा माझ्या हाती ठेवली. "तू दगडांचं शिकलीस. खरं काय ते सांग. उद्या भोरला छापाया जायची."

दगडूकाकांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ती सवय महानायकाच्या कथेतही सुटलेली नाही. खलनायकाच्या गुहेवर सुबक अक्षरांत पाटी आहे: 'काळदैत्य आणि कंपनी. आमची कोठेही शाखा नाही.'

"कंपनी कुठे आहे, काका?"

"न्हाई. पण एकट्याच्या नावाची पाटी बोडकी दिसती."

चित्रे थक्क करणारी होती. तोरण्याच्या कड्यातला खडकाचा थर न् थर जागच्या जागी. भूशास्त्राच्या पदवीसाठी मी काढलेल्या आकृत्या त्यांच्यापुढे शेणाच्या गोवऱ्या वाटाव्यात. काळदैत्य मात्र गाव बुडवतो, एसटी गिळतो आणि फक्त 'हा हा हा' म्हणतो. मी मोजून वहीत लिहिले: एकेचाळीस वेळा.

"कडा कसा झाला ते दिसतं, काका. हा माणूस असा का झाला, ते दिसत नाही."

"वंगाळ हाय म्हून वंगाळ वागतो. तुमा सायन्सवाल्यांना समद्याला कारण लागतं."

मग मला त्याचा मफलर दिसला. त्यावर रफूचा प्रत्येक टाका वेगळा रंगवला होता.

"दैत्याला मफलर?"

"त्याला सर्दी लगीच व्हती," काका म्हणाले. "आईनं शिवल्याला हाय."

आता ते भलेमोठे नाकही ओळखीचे वाटले. नामदेव, त्यांचा धाकटा भाऊ. त्याने भोरला फ्लेक्सचे यंत्र घेतले, काकांच्या हातचे काम गेले आणि दोघांचे बोलणे बंद झाले.

"आणि हे छापणार कोण?"

"त्योच. त्याच्यावानी रंग भोरात कुणाचा उतरत न्हाई."

"त्याला हे बघून काय वाटेल?"

काका स्वच्छ ब्रश पुन्हा धूत बसले.

पाने सोमवारी गेली नाहीत. पुढच्या रविवारी पाहिले, तर काळदैत्याच्या तोंडचे सगळे संवादाचे फुगे पांढऱ्या रंगाने कोरे केलेले.

"त्याच्या मनातलं म्या कसं लिवू? त्याचं त्यानं लिवावं," असे म्हणून त्यांनी पाने नामदेवला पोचवायला एसटीच्या कंडक्टरकडे दिली. नंतर रोज ते भोरच्या गाडीला उभे राहू लागले. रंगाचा डबा यायचाय, म्हणायचे.

सहाव्या दिवशी पाने परत आली. चाळीस फुगे कोरेच होते. शेवटच्यात बॉलपेनने लिहिले होते: 'दादा, माझं नाक येवढं मोटं हाय व्हय? हा हा हा.'

"अक्षर आजून तसंच, कोंबडीच्या पायाचं," काका म्हणाले आणि वाळलेल्या शाईवर बराच वेळ फुंकर घालत राहिले.

मी वहीत सुधारित नोंद केली. 'हा हा हा': एक.